आल्प्सच्या घाटांत गटाने गाडी चालवणे: एका पूर्ण हंगामानंतरचे मत

आल्प्समधील उंच खिंडींवरचा बर्फ हटवून रस्ते खुले होऊ लागतात त्या जूनपासून ते पुन्हा बंद होऊ लागतात त्या ऑक्टोबरपर्यंत, आम्ही काही कुटुंबे मिळून आपापल्या गाड्यांनी हे घाट ओलांडत होतो. सुरुवात एका सहल-कंपनीने आखलेल्या दौऱ्याने झाली. त्यात छापील मार्गपुस्तिका, प्रत्येक गाडीसाठी वॉकी-टॉकी, वाट दाखवणारी पुढची गाडी आणि मुक्कामाची सोय हे सर्व समाविष्ट होते. नंतरच्या महिन्यांत तीच पद्धत आम्ही स्वतःच्या बळावर आणि बरेच बदल करून वापरली. त्यामुळे हे मत एका आठवड्याच्या उत्साहातून आलेले नाही. ते थोडक्यात असे की गटाने घाट ओलांडण्यासारखा आनंद क्वचितच मिळतो, परंतु गाड्या एकामागोमाग एक अशा रांगेत न्यायच्या असतील तर या आनंदातला मोठा वाटा वाया जातो आणि धोका विनाकारण वाढतो.

आयोजित दौऱ्यात आम्ही सात गाड्या होतो आणि पुढच्या गाडीचा चालक सर्वांनी एकत्र राहावे यासाठी आग्रही होता. सपाट रस्त्यावर हे चालून जाते. स्वित्झर्लंडमधील फुर्का खिंडीकडे रेआल्प गावाच्या बाजूने चढताना मात्र रस्ता अरुंद होतो, कडेला कठड्याऐवजी बऱ्याच ठिकाणी दगडी खुंट असतात आणि पुढचे वळण दिसेपर्यंत त्यामागे काय आहे ते कळत नाही. अशाच एका वळणामागून पिवळी पोस्टबस (डोंगरी गावांना जोडणारी टपालसेवेची प्रवासी बस) उतरत आली. तिचा तीन सुरांचा भोंगा आम्ही आधी ऐकला होता, पण आमच्या गाड्या एकमेकींच्या इतक्या जवळ होत्या की थांबायला रुंद जागा फक्त शेवटच्या दोघींपाशी होती. बसच्या चालकाने हाताने शांतपणे मागे जाण्याची खूण केली. मग शेवटच्या गाडीपासून सुरुवात करून पाच गाड्या, उजवीकडे दरी आणि डावीकडे बसचा आरसा अशा अवस्थेत, एकेक हात मागे सरकल्या. दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीतील ताई बाहेर उतरून चाक आणि दगडी खुंट यांतले अंतर बोटांनी दाखवत होत्या. कोणालाही ओरखडा आला नाही, परंतु पुढचा अर्धा तास कोणी बाहेरच्या देखाव्याकडे पाहिल्याचे मला आठवत नाही.

येथे नियम नीट समजून घेणे आवश्यक आहे. स्वित्झर्लंडमध्ये चढ्या अरुंद रस्त्यावर दोन गाड्यांना एकमेकींना ओलांडता येत नसेल, तर सामान्यतः उतरणाऱ्या गाडीने थांबावे किंवा मागे जावे. मात्र निळ्या पाटीवर पिवळा भोंगा काढलेला असेल तर तो डोंगरी पोस्टमार्ग असतो, आणि तेथे अडचणीच्या जागी पोस्टबसचा चालक ज्या खुणा करील त्या पाळाव्या लागतात. एकटी गाडी असेल तर हे सहज जमते. सात गाड्यांच्या साखळीला मागे जायला लावणे हा मात्र बसचालकावर, तिच्यातील प्रवाशांवर आणि मागे खोळंबलेल्या सर्वांवर केलेला अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रांगेचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे, कारण तो दिसत नाही. पुढची गाडी हेअरपिन वळण, म्हणजे जवळजवळ उलट दिशेला फिरवणारे वळण, संपवून वेग घेते, तेव्हा शेवटची गाडी अजून खालच्या वळणात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असते. तेवढ्यात पडलेले अंतर भरून काढण्यासाठी मागच्यांना पुढच्यापेक्षा जास्त वेगाने जावे लागते, आणि वळणागणिक हा फरक शेपटीकडे साचत जातो. म्हणजे सर्वांत संथ चालणारा गटप्रमुख असला तरी सर्वांत मागचा चालक घाईतच असतो. त्यातच गटातील नवखे चालक संकोचाने स्वतःहून मागे राहतात, त्यामुळे ज्यांना सर्वाधिक सावकाश जायला हवे त्यांच्याच वाट्याला सर्वाधिक धावपळ येते.

जुलैपासून आम्ही रांग सोडली. सकाळी सर्वांनी एकत्र बसून त्या दिवसाचा मार्ग नकाशावर पाहायचा, तो प्रत्येकाच्या फोनमध्ये इंटरनेटशिवाय चालेल असा उतरवून घ्यायचा, आणि मग दोन किंवा तीन गाड्यांच्या तुकड्यांनी, मध्ये किमान दहा मिनिटांचे अंतर ठेवून निघायचे. भेटण्याची जागा म्हणजे खिंडीचा माथा. खिंडीच्या रस्त्यावर चुकायला जागाच फार थोडी असते, कारण फाटे मोजकेच असतात. फुर्का आणि ग्रिमझेल या दोन खिंडींचे रस्ते मिळतात ते ग्लेट्श, किंवा इटलीतील स्टेल्व्हिओ घाटाच्या माथ्याखाली उम्ब्राइल खिंडीकडे फुटणारा रस्ता, अशा एखाद-दुसऱ्या जागी पहिल्या तुकडीतील एका गाडीने थांबून मागच्यांना वाट दाखवली की पुरते. मागून स्थानिक गाडी किंवा मोटरसायकल आली तर रुंद जागा पाहून तिला पुढे जाऊ द्यावे. दोन गाड्यांच्या तुकडीला हे सहज शक्य होते, सातांच्या रांगेला कधीच होत नाही. या एका बदलाने सहलीचे स्वरूपच पालटले. माथ्यावर पोहोचल्यावर प्रत्येकाकडे सांगण्यासारखे स्वतःचे काहीतरी असू लागले, कारण प्रत्येकाने समोरच्या गाडीचे मागचे दिवे सोडून दुसरे काही पाहिले होते.

वॉकी-टॉकीबद्दल माझे मत मिश्र आहे. युरोपात परवान्याशिवाय वापरता येणारे हे संच ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणि जास्तीत जास्त अर्ध्या वॅटच्या शक्तीवर चालतात, आणि त्यांच्या लहरी सरळ रेषेत जातात. खोक्यावर छापलेले किलोमीटर मोकळ्या मैदानातले असतात. मध्ये डोंगराचा खांदा आला की शेजारच्याच वळणावरील गाडीचा आवाज तुटतो, आणि गाडीचा पत्राही उरलेली लहर अडवतो. उलट दरीच्या पलीकडे, नजरेच्या टप्प्यात असलेल्या गाडीशी मात्र लख्ख बोलता येते. ‘वरून बस उतरते आहे’, ‘वळणानंतर सायकलस्वार आहेत’ अशा एका वाक्याच्या सूचनांसाठी हे संच मोलाचे आहेत, पण संच चालकाच्या हाती न देता शेजारी बसलेल्याकडे असावा आणि त्यावर गप्पा मारू नयेत. पुढे कोणी दिसत नसेल तर ‘रस्ता मोकळा आहे, या’ असे सांगणे आम्ही पूर्णपणे बंद केले. समोरच्या वाहनाला ओलांडून पुढे जायचे की नाही हे ज्याच्या हाती स्टिअरिंग आहे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी ठरवले पाहिजे.

चढाची भीती सर्वांना असते, पण गाडीची खरी परीक्षा उतारावर होते. स्टेल्व्हिओचा प्राड गावाकडील रस्ता सुमारे २५ किलोमीटरमध्ये १,८०० मीटरहून अधिक चढतो. तेवढेच खाली येताना गाडीच्या वजनाची सगळी ऊर्जा कोठेतरी उष्णता होऊन बाहेर पडावी लागते. पायाने सतत ब्रेक दाबून धरला तर ती ब्रेकमध्ये साठते. आमच्या गटातील एका जड गाडीच्या पुढच्या चाकांतून त्राफोई गावाच्या वरच जळका वास येऊ लागला होता आणि पेडल नेहमीपेक्षा खोल जात होते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि जुन्या, ओलावा धरलेल्या ऑइलचा उत्कलनबिंदू बराच खाली येतो. ते उकळून वाफ झाली की पेडल मऊ पडते. उपाय जुनाच आहे: ज्या गिअरमध्ये तो चढ चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, इंजिनाला गाडी धरू द्यावी, आणि ब्रेक वळणाआधी थोडा वेळ पण ठामपणे दाबून सोडून द्यावा. ऑटोमॅटिक गाडीतही हाताने गिअर धरून ठेवण्याची सोय असते. ती कशी वापरायची हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे. विजेवरच्या गाड्या उतारावर बॅटरी भरून घेतात, म्हणून त्यांच्या चालकांना ही काळजी कमी असते. मात्र उंचावरच्या मुक्कामी बॅटरी रात्रभर १०० टक्क्यांपर्यंत भरली, तर सकाळी उतरताना ऊर्जा परत घ्यायला तिच्यात जागाच उरत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. हे मार्गपुस्तिकेत एका ओळीनेही सांगितलेले नव्हते आणि माझ्या दृष्टीने ती तिची सर्वांत मोठी उणीव होती.

आता घाटांविषयी. स्टेल्व्हिओ २,७५७ मीटर उंच आहे, त्याचा रस्ता कार्लो दोनेगानी या अभियंत्याने १८२० ते १८२५ या काळात बांधला, आणि प्राडकडील त्याच्या ४८ वळणांना उतरत्या क्रमाने आकडे आहेत, त्यामुळे चढताना आपण एक या आकड्याकडे जात राहतो. समोर ऑर्टलर शिखराची ३,९०५ मीटरची हिमाच्छादित भिंत असते. हा रस्ता पाहावाच. पण सकाळी सातच्या सुमारास प्राड सोडावे, कारण दहानंतर मोटरसायकली, सायकली आणि बसगाड्या यांच्या गर्दीत तेथे गाडी चालवण्याचा आनंद राहत नाही, आणि रविवार तर टाळावाच. सर्वांत प्रसिद्ध असला तरी गटासाठी तो सर्वांत योग्य घाट नव्हे. नवखे चालक बरोबर असतील तर सुरुवात स्वित्झर्लंडमधील सुस्टेन खिंडीने करावी. विसाव्या शतकात मोटारींचा विचार करूनच तो आखलेला असल्याने रस्ता रुंद आहे आणि वळणे सैल आहेत. सुस्टेन, फुर्का आणि ग्रिमझेल यांचा मिळून सुमारे १२० किलोमीटरचा एक वळसा होतो, तो एका दिवसात आरामात पूर्ण होतो, आणि आम्ही सर्वांत जास्त वेळा त्याच्याकडेच वळलो. फुर्काच्या पश्चिम उतारावर ऱ्होन हिमनदीचे टोक दिसते; एकोणिसाव्या शतकात तिचा बर्फ खाली ग्लेट्शच्या मैदानापर्यंत आलेला होता, हे लक्षात घेऊन तेथील उघडा पडलेला खडक पाहिला की माणूस बराच वेळ गाडीकडे परतत नाही. गोटहार्ड खिंडीच्या दक्षिण अंगाची त्रेमोला ही जुनी वाट दगडी फरशीची आहे. कोरडी असताना ती अप्रतिम आहे, पावसात मात्र आम्ही शेजारचा नवा रस्ता घेतला.

ऑस्ट्रियातील ग्रोसग्लोकनर रस्ता १९३५ साली खुला झाला. त्याच्या ४८ किलोमीटरमध्ये ३६ हेअरपिन वळणे आहेत आणि चढ १२ टक्क्यांपर्यंत जातो. टोल भरावा लागतो आणि रात्री रस्ता बंद असतो. जागोजागी गाड्या थांबवण्यासाठी प्रशस्त जागा असल्यामुळे मोठ्या गटाला तो सोयीचा पडतो. येथेच आम्ही दर थांब्यावर चालक बदलायला सुरुवात केली, आणि ही गोष्ट मी आग्रहाने सुचवीन: घाटात चालकाला फक्त डांबर दिसते, म्हणून प्रत्येक घरातील दोघांनी चालवायचे ठरवले तरच दोघांचीही सहल होते. ज्या मुलांना वळणांचा त्रास होतो त्यांच्यासाठीही हे थांबे उपयोगी पडतात.

खर्चाच्या बाजूने स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचा वार्षिक विन्येट (महामार्ग वापरण्याचा शुल्क-परवाना) घ्यावा लागतो, आता तो ऑनलाइनही मिळतो. वर सांगितलेल्या स्विस खिंडींच्या रस्त्यांवर मात्र वेगळे शुल्क नाही. इंधन दरीतच भरून घ्यावे. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे खाली उन्हाळा असताना माथ्यावर जाड कपडे लागतात आणि ऑगस्टमध्येही बर्फ पडू शकतो. आमचा एक बेत असाच रात्रीत पडलेल्या बर्फामुळे रद्द झाला. खिंड खुली आहे की नाही हे आदल्या संध्याकाळी नव्हे, त्याच सकाळी पाहावे आणि दरीतून जाणारा दुसरा मार्ग तयार ठेवावा.

आयोजित दौरा घ्यावा का, असे मला विचारले जाते. पहिल्या खेपेस घ्यावा, कारण मुक्कामांची निवड आणि मार्गाची आखणी त्यांना चांगली जमते, आणि उंच घाटाची ओळख कोणीतरी करून देणे नवख्यांसाठी हिताचे असते. पैसे भरण्यापूर्वी मात्र दोनच प्रश्न विचारावेत: एका तुकडीत किती गाड्या असतील, आणि आपल्या वेगाने माथ्यापर्यंत जाण्याची मुभा असेल का. पहिल्याचे उत्तर तीनपेक्षा जास्त किंवा दुसऱ्याचे नकारार्थी असेल, तर नकाशा घेऊन दोन-तीन कुटुंबांनी स्वतःच निघावे.