इतवारी–छिंदवाडा ब्रॉडगेज : घाटातील रूळ, पूल आणि पावसाळी पाणी

नागपूरच्या इतवारी स्थानकातून सौंसर, छिंदवाड्याकडे जाणाऱ्या छोट्या गाडीचा, दोन रुळांत ७६२ मिलिमीटर अंतर असलेला मार्ग (नॅरोगेज) २०१५ च्या अखेरीस बंद झाला आणि त्याच्या जागी १६७६ मिलिमीटरचा मार्ग (ब्रॉडगेज) टप्प्याटप्प्याने खुला होत २०२१ मध्ये थेट छिंदवाड्यापर्यंत पोहोचला. पॅसेंजरने प्रवास केल्यावर या मार्गाच्या रुळांचे आणि पुलांचे काम मला कसे वाटले, ते येथे नोंदवत आहे.

इतवारी ते सौंसर हा टप्पा बहुतांश सपाट असल्याने तेथे विशेष सांगण्यासारखे फार नाही. खरी कसोटी सौंसरपुढचे रामाकोना स्थानक मागे पडल्यावर लागते. भंडारकुंड ते भिमालगोंदी हा घाटातील तुकडा सर्वांत शेवटी पूर्ण झाला, आणि खिडकीतून पाहिले की त्याचे कारण समजते : नॅरोगेजची गाडी डोंगराच्या कडेकडेने तीव्र वळणे घेत चढू शकत असे, ब्रॉडगेजला मात्र सौम्य वळण आणि सौम्य चढ लागतो, त्यामुळे डोंगर कापून, भराव टाकून आणि ओढ्यांवर उंच पूल बांधूनच वाट काढावी लागते. अशा मार्गावर मी नेहमी एक गोष्ट पारखतो. भराव कालांतराने दबतो, पुलाचे खांब दबत नाहीत. त्यामुळे काम कच्चे असेल तर पुलाच्या तोंडाशी गाडीला धक्का बसतो. येथे तो जवळजवळ जाणवला नाही, आणि याचे श्रेय मी खडीच्या भरीव थराला व भरावाच्या नीट दाबाईला देतो.

रूळ सलग जोडलेले असल्याने जुना खडखडाट उरलेला नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही साधी गोष्ट नव्हे, कारण एक किलोमीटर लांबीचा मोकळा रूळ ४० अंशांनी तापला तर सुमारे ४६ सेंटिमीटर वाढेल. ही वाढ रोखून धरायचे काम रुळांखालचे काँक्रीटचे आडवे स्लीपर, त्यांच्या पकडी आणि दोन्ही बाजूंची खडी करतात. म्हणून मे महिन्यात रूळमार्गावर गस्त घालणाऱ्या गँगमनचा मला मनापासून आदर वाटतो.

कमतरता रुळांखाली आहे. फाटके काढून केलेल्या भुयारी मार्गांपैकी एका गावाजवळच्या मार्गात पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचलेले मी पाहिले. शाळेची मुले त्यावेळी बंदी असूनही रूळ ओलांडून जात होती. पाणी उपसायला पंप बसवणे हा तात्पुरता उपाय झाला. उतारावर छप्पर, तोंडाशी आडवी जाळीची गटारे आणि ओढ्यापर्यंत नेलेला निचरा, एवढे झाले तर घाटातील पुलांना दिलेली काळजी या गावकऱ्यांच्याही वाट्याला येईल, आणि ते येत्या पावसाळ्यापूर्वी व्हायला हवे.