डाळिंबाची नवी बाग: गुटी, छाट कलम की टिश्यू कल्चर?

सोलापूर जिल्ह्यात डाळिंबाची नवी बाग धरणाऱ्या शेतकऱ्याचा वाणाचा निर्णय बहुतेक वेळा आधीच झालेला असतो. बाजार भगव्याला आहे, म्हणून भगवाच लावला जातो. विचार करावा लागतो तो रोपाचा. गुटी कलम घ्यावे, छाट कलम घ्यावे की प्रयोगशाळेत वाढवलेले टिश्यू कल्चरचे महाग रोप घ्यावे, हे लागवडीआधी ठरवावे लागते आणि एकदा झाड उभे राहिले की तो निर्णय पुढची दहा-बारा वर्षे तरी बदलता येत नाही. बियांच्या रोपांचा विचार येथे केलेला नाही, कारण डाळिंबात परपरागीकरण होत असल्यामुळे बीपासून आलेले झाड मातृवृक्षासारखे, म्हणजे ज्या झाडापासून रोप घेतले त्याच्यासारखे, निघेलच याची खात्री नसते.

सर्वांत आधी एक गैरसमज बाजूला ठेवला पाहिजे. तिन्ही पद्धतींत तयार होणारे झाड आनुवंशिकदृष्ट्या मातृवृक्षाचीच प्रत असते, म्हणून ‘टिश्यूचे झाड जास्त माल देते’ हे विक्रेत्याचे वाक्य जसेच्या तसे स्वीकारू नये. उत्पादनक्षमता वाणाची आणि निवडलेल्या मातृवृक्षाची असते. रोपाच्या प्रकारामुळे फरक पडतो तो रोप किती निरोगी आहे, बाग किती एकसारखी वाढते आणि पहिल्या वर्षी किती नांग्या पडतात, म्हणजे किती रोपे मरून जागा रिकाम्या राहतात, यात. साडेचार बाय तीन मीटर अंतरावर एकरी सुमारे ३०० झाडे बसतात, त्यामुळे दहा टक्के नांग्या म्हणजे तीस झाडांचा खड्डा, खत आणि ठिबक यांवरचा खर्च वाया जाणे होय.

गुटी ही आपल्याकडची रुळलेली पद्धत आहे. पेन्सिलीच्या जाडीच्या निरोगी फांदीवरची अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढतात, वरच्या कडेला आयबीए हे मुळ्या फुटण्यास मदत करणारे संजीवक लावतात, ओले मॉस (शेवाळ) गुंडाळून त्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट बांधतात आणि महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून मुळ्या दिसू लागल्या की फांदी कापून पिशवीत लावतात. कारागीर गावातच मिळतात, खर्च कमी येतो आणि फळ प्रत्यक्ष पाहून झाड निवडता येते. हा शेवटचा फायदा फार मोठा आहे.

अडचण हंगामाची आहे. गुटीला दमट हवा लागते, म्हणून ती पावसाळ्यात बांधली जाते, आणि पानाफळांवर तेलकट डाग पाडणारा तेल्या हा रोग पसरण्याचा काळही नेमका तोच असतो. तेल्याचा झॅन्थोमोनास हा जिवाणू केवळ पानाफळांवर राहत नाही. फांदीच्या पेऱ्यावर तपकिरी-काळे डाग पाडून तो तेथेच टिकतो. अशा बागेतली गुटी आणली तर रोग विकत आणल्यासारखेच होते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना चाकू निर्जंतुक केला जात नसेल, तर स्वच्छ झाडही हातोहात बाधित होते. शिवाय गुटीच्या पिशवीत जुन्या डाळिंब बागेची माती भरलेली असल्यास मुळ्यांवर गाठी करणारे सूत्रकृमी आणि झाड वाळवणाऱ्या मर रोगाची बुरशीही सोबत येऊ शकते. त्यामुळे मातृबाग कोणती आणि माती कुठली, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय गुटीचा सौदा करू नये.

छाट कलमाविषयी थोडक्यात सांगता येते. पक्व काडीचे २० ते २५ सेंटिमीटर लांबीचे तुकडे संजीवकात बुडवून लावले जातात. छाटणीत निघणाऱ्या काडीचाच उपयोग होतो आणि एका झाडापासून पुष्कळ रोपे मिळतात. मात्र मुळ्या धरण्याचे प्रमाण हंगाम, काडी आणि पाण्याच्या व्यवस्थेप्रमाणे बरेच कमी-अधिक होते. स्वतःची छोटी रोपवाटिका आणि भरवशाचे मातृवृक्ष असणाऱ्याने ही पद्धत अवश्य वापरावी. रोपे विकत घेणाऱ्याला तिच्यात विशेष लाभ नाही.

टिश्यू कल्चरचे रोप प्रयोगशाळेत पेऱ्याच्या लहानशा तुकड्यापासून वाढवले जाते आणि पुढे दोन टप्प्यांत हार्डनिंग करून, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय लावून, शेतात येते. रोपे एकाच वयाची असल्याने बाग एकसारखी येते, ताण (बहारापूर्वी पाणी तोडणे) आणि छाटणी एकदम घेता येते व मोठ्या क्षेत्रावर मजुरीचे नियोजन सोपे जाते. मात्र हे रोप रोगमुक्त असले तरी रोगप्रतिकारक नसते. शेजारच्या बागेत तेल्या असेल तर वाऱ्या-पावसाचे तुषार टिश्यूच्या झाडालाही तो देतात. जिवाणू ऊतींच्या आत दडून राहू शकतो, म्हणून मातृवृक्षाची तपासणी न करणाऱ्या प्रयोगशाळेच्या रोपाला केवळ ‘टिश्यू’ या नावासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची ऊतीसंवर्धित रोपांसाठी प्रमाणीकरण पद्धत आहे. प्रयोगशाळेला तिची मान्यता आहे का, हे विचारावे आणि कागद पाहावा.

माझे मत असे आहे की सांगोला, मंगळवेढा किंवा पंढरपूरच्या मुरमाड रानात, जिथे पूर्वी डाळिंब नव्हते आणि बांधाला लागून जुनी बाग नाही, तिथे तपासणी केलेल्या टिश्यू रोपांवरचा जादा खर्च सार्थकी लागतो, कारण तिथे स्वच्छ सुरुवात टिकवता येते. चारी बाजूंनी तेल्याग्रस्त बागा असतील तर तेच पैसे हस्त बहाराचे (सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धरल्या जाणाऱ्या बहाराचे) नियोजन, बागेची स्वच्छता आणि वेळेवर फवारणी यांसाठी राखून ठेवावेत व पाहून निवडलेल्या झाडांच्या गुटीवर भागवावे. भारी, पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत मात्र कोणतेच रोप मर रोगापासून वाचवणार नाही. तिथे आधी निचऱ्याची सोय करावी किंवा डाळिंबाचा विचार सोडावा.

वाणाबाबत पर्याय खुला असेल तर सोलापूरजवळच्या केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा ‘सोलापूर लाल’ हा २०१७ सालचा संकरित वाण पाहण्यासारखा आहे. त्यात लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व भगव्यापेक्षा अधिक असते. तरीही आपल्या व्यापाऱ्याकडे त्याला काय भाव मिळेल, याची चौकशी लागवडीपूर्वी करावी.

रोपे कोणतीही असोत, गाडी आल्यावर प्रत्येक पिशवी उचलून पाहावी. पान सूर्याकडे धरल्यावर पाणी भरल्यासारखा तेलकट ठिपका दिसला, पेऱ्यावर काळपट चीर असली किंवा मुळ्यांवर गाठी आढळल्या, तर ती पिशवी शेतात न उतरवता त्याच गाडीने परत पाठवावी.