१४ महिने, २१,००० किलोमीटर आणि कूलंटचा गोडसर वास

गाडी चांगली आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून वाटेल हा माणूस नुसतं रडगाणं गातोय. सीट आरामशीर, हायवेवर आवाज नाही, ब्रेक भरवशाचे. तक्रार आहे ती तळहाताएवढ्या एका प्लास्टिकच्या तुकड्याची. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण एकाच ग्रुपच्या तीन ब्रँडच्या बॉनेटखाली हाच तुकडा बसलाय आणि एकालाच धोपटण्यात अर्थ नाही.

घेताना मी स्वतःला फार हुशार समजत होतो. थोरल्या, महागड्या भावंडाचंच इंजिन, तोच गिअरबॉक्स, तोच प्लॅटफॉर्म. फरक लोगोचा आणि जरा कडक डॅशबोर्डचा. मग लोगोचे पैसे कशाला मोजा? इंजिनाबरोबर थोरल्याची दुखणीही घरी येतात, हे काही डोक्यात आलं नाही.

नवव्या महिन्यात गाडी थांबवून उतरलं की गोडसर वास येऊ लागला. इंजिन थंड ठेवणारं द्रव, म्हणजे कूलंट, 'मॅक्स'वरून 'मिन'ला टेकलेलं, पण खाली जमिनीवर थेंब नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये टॉप-अप करून दिलं आणि वर "थोडं कमी होतंच, सर" हेही ऐकवलं. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. मग मी अडून बसलो, दाब देऊन गळती शोधणारी प्रेशर टेस्ट करायला लावली, तेव्हा सापडलं. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटचा प्रवाह सांभाळणारी झडप; तिचं हाउसिंग, म्हणजे कवच, प्लास्टिकचं आणि ते बसतं अ‍ॅल्युमिनियमवर. तापताना-निवताना दोन्ही सारखी फुगत-आकसत नाहीत, मधलं सील दबून निबर होतं आणि कूलंट पाझरतं. गरम इंजिनावरच ते सुकतं, म्हणून खाली डाग पडत नाही. सांध्याशी गुलाबी पापुद्रा तेवढा उरतो.

वॉरंटीत बदलून मिळालं. अडीच महिन्यांत नवंही पाझरलं.

या वेळी काढलेला पार्ट मी मागून घेतला. त्यावर माझ्या ब्रँडचा लोगो नव्हताच, थोरल्याचा होता. नंबर टाकून शोधलं तर थोरल्या गाडीचे मालक माझ्या कितीतरी आधीपासून हीच रड घेऊन बसलेले. त्यांच्या डीलरकडे दोष आणि त्यावरचा उपाय सांगणारं कंपनीचं पत्रक, म्हणजे सर्व्हिस बुलेटिन आलेलं, सुधारलेल्या पार्टच्या नंबराचं शेवटचं अक्षर बदललेलं. मला मात्र स्टॉकमधला जुनाच पार्ट पुन्हा बसवला होता. भावंडांनी सगळं वाटून घेतलं, दुखण्यावरचा इलाज तेवढा वाटायचा राहिला. माझा खरा राग यावर आहे, प्लास्टिकवर नाही.

पार्ट वाटून घेणं मुळात वाईट नाही. एकच पार्ट लाखो गाड्यांत धावला की त्याचे दोष लवकर कळतात, सुटा भागही सहज मिळतो. पण चूक झाली तर तीही तितक्याच गाड्यांत जाते. प्युजो, सिट्रोएन, ओपेल या भावंडांनी १.२ लिटरचं प्युअरटेक इंजिन वापरलं. त्याचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपांची वेळ जुळवणारा पट्टा, तेलात फिरतो. तो झिजला की त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. शेवटी या ब्रँडच्या मालक कंपनीला, स्टेलँटिसला, त्यासाठी १० वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत जबाबदारी घ्यावी लागली.

आणि पार्ट नंबरावरही डोळे मिटून विसंबू नका. जनरल मोटर्सचा इग्निशन स्विच शेवर्ले कोबाल्ट, पॉन्टिअ‍ॅक जी५, सॅटर्न आयन अशा भावंडांत होता. धावत्या गाडीत किल्ली सरकून इंजिन बंद पडायचं, मग एअरबॅगही उघडत नसे. १२४ मृत्यू त्या स्विचशी जोडले गेले. २००६ मध्ये स्विच सुधारला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे जुना कुठला नि नवा कुठला हे कळायला वर्षं गेली. गाड्या परत बोलावल्या त्या २०१४ मध्ये.

तिसरं हाउसिंग बसवताना मी खोका उघडायला लावला, शेवटचं अक्षर पाहिलं, जॉब कार्डवर लिहून घेतलं. सल्लागाराने कपाळाला आठी घातली, पण लिहिलं. त्याला आता अडीच महिने होतील. दर रविवारी इंजिन थंड असताना बॉनेट उघडतो आणि टॉर्च मारून सांधा बघतो. अजून तरी कोरडा आहे.