तीस संगणक, तीन तऱ्हेच्या शाळा: आधी कुणाला?

तालुक्याला संगणक मिळाले ३० आणि मागणी केली साठ शाळांनी, की दोनच सूत्रं पुढे येतात: पट मोठा तिला आधी, नाहीतर दुर्गम तिला आधी. दोन्ही अपुरी आहेत. एका मुलाला आठवड्यात किती तासिका संगणकावर बसायला मिळेल आणि शिकवणारं कोण असेल, हे आधी मोजा.

जिल्हा परिषदेची केंद्रशाळा घ्या. पट २४०, संगणक १०. एका संगणकावर दोघं, म्हणजे एका वेळी २०. खोली आठवड्याला ३० तासिका चालली तर मुलामागे अडीच तासिका येतात. पण ३५ चा वर्ग असेल तर १५ मुलं बाहेर राहतात आणि त्यांच्यासाठी दुसरा शिक्षक लागतो. वेळापत्रकात ही सोय आधीच केली नाही, तर पुढे खोली कुलूपबंदच राहते.

निवासी आश्रमशाळेत पट ४०० धरला तर तेवढ्याच संगणकांत दीड तासिका मिळते. मात्र मुलं तिथेच राहतात. संध्याकाळी दोन तास, सहा दिवस खोली उघडली की हा आकडा दोनच्या पुढे जातो. या मुलांना घरी किंवा बाजारात संगणक मिळण्याची शक्यताही सर्वात कमी. म्हणून आमचा कौल आधी आश्रमशाळेला, मग केंद्रशाळेला. अट एकच: संध्याकाळची जबाबदारी कुणाची, हे मुख्याध्यापकांनी लेखी द्यावं.

वाडीवरची द्विशिक्षकी शाळा, पट १८. इथे १० डेस्कटॉप देणं म्हणजे अर्धे धूळ खात ठेवणं. चार लॅपटॉप द्या: एका गटाला काम लावून गुरुजी दुसऱ्या वर्गाकडे वळू शकतात. वीज गेल्यावर बॅटरीवर चालवायचा हिशेबही लॅपटॉपच्याच बाजूने आहे. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेची लेड-अ‍ॅसिड बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरावी. इन्व्हर्टरमधली घट वजा जाता हाती साधारण ७५० वॅट-तास उरतात. मॉनिटरसह दहा डेस्कटॉप त्यावर जेमतेम पाऊण तास चालतात, चार लॅपटॉप जवळपास चार तास.

वीजजोडणी तुटलेली किंवा बिल थकलेलं असेल, तर शाळेला यादीच्या तळाशी ढकलू नका. तसं केलं की ती कायमची तळाशीच राहते. तिच्या नावचे संगणक राखून ठेवा आणि पहिला खर्च बिल, वायरिंग, अर्थिंगवर करा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टीमीटरने तीन व्होल्टपेक्षा जास्त दाब दिसला तर संगणक लावूच नका. अर्थिंगचा खड्डा आधी दुरुस्त करून घ्या. पत्रे गळणारी खोलीही नको.

प्रशिक्षणात सर्वात जास्त चुकतं ते एकाच शिक्षकाला पाठवण्यात. त्याची बदली झाली की खोली बंद. प्रत्येक शाळेतून दोघं घ्या, तेही त्या वर्षीच्या बदल्या उरकल्यावर. शाळेत येणार असलेल्याच संगणकांवर शिकवा: मराठी टंकन, प्रिंटर जोडणं, इंटरनेट नसताना धडे चालवणं, बिघाड नोंदवणं. पहिल्या प्रशिक्षणानंतर महिन्याभराने शाळेतच एक दिवस पुन्हा बसा, खऱ्या अडचणी तेव्हाच निघतात.

आणि मे महिन्याच्या सुट्टीत दर पंधरा दिवसांनी बॅटरी चार्ज कोण करणार, पाणी कोण तपासणार, ते नाव शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहून घ्या.