आकाशातल्या विजेच्या नोंदी ठेवायच्या कुठे : स्वतःचा सर्व्हर की क्लाउड?

आधी हिशेब मांडा, मग कोटेशन मागवा. वीज चमकताना हवेतल्या विद्युतक्षेत्रात होणारे झपाट्याचे बदल टिपणारा फास्ट अँटेना सेकंदाला १ कोटी सॅम्पल १६ बिटमध्ये घेत असेल, तर सेकंदाला २० एमबी आणि दिवसाला १.७ टीबी डेटा साचतो. तो अखंड क्लाउडवर चढवायला १६० एमबीपीएसची (सेकंदाला १६० मेगाबिट; ८ बिट म्हणजे १ बाइट) लाइन नुसत्या अपलोडलाच जाते. १०० एमबीपीएसच्या लाइनवर १ टीबी चढायला बावीस तास लागतात. विजेच्या अतिशय कमी वारंवारतेच्या रेडिओलहरी पकडणाऱ्या व्हीएलएफ रिसीव्हरचं तसं नाही. दोन चॅनेल, प्रत्येकी सेकंदाला १ लाख सॅम्पल (१०० किलोहर्ट्झ) धरले तरी दिवसाला ३५ जीबी, ते कुठेही मावतं. त्यामुळे अखंड नोंद घेणाऱ्या गटाला स्वतःचा सर्व्हर टळत नाही. फक्त ट्रिगर झालेले, म्हणजे वीज चमकली त्या क्षणांचेच, तुकडे ठेवणाऱ्यांना मात्र खरंच निवड आहे.

मुंबईत विजा मुख्यतः वळवाच्या आणि परतीच्या पावसात. भर जुलैत पाऊस कोसळतो, पण विजा त्या मानाने कमी. म्हणजे डेटा लोंढ्याने येतो आणि त्यावरचं काम वर्षभर चालतं. मोठं गणित महिन्यातून दोनदाच करायचं असेल तर तासावर भाड्याने घेतलेलं क्लाउडचं मशीन स्वस्त पडतं. पण तोच कच्चा डेटा पुन्हा पुन्हा आपल्याकडे उतरवून घ्यायचा असेल, तर दर जीबीमागे पैसे मोजावे लागतात. बजेट कोलमडतं ते इथे.

सर्व्हर घ्यायचा तर १६ टीबीच्या ८ डिस्क झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या रेड-झेड२ रचनेत लावा. दोन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत राहतो, आणि वापरायला मिळतात ९६ टीबी. त्यातले ८० टक्केच भरा. एसएमआर जातीच्या, म्हणजे माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या, डिस्क घेऊ नका. त्यांतली एक डिस्क बदलल्यावर पुनर्बांधणी दिवसेंदिवस रेंगाळते, आणि तेवढ्यात दुसरी दगा देते. महिन्यातून एकदा स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून चुका तपासण्याचं काम, चालवा.

जागा तळमजल्यावर नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला होता. यूपीएस ऑनलाइन जातीचा घ्या, आणि त्याची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की सर्व्हर आपोआप नीट बंद झाला पाहिजे. मुंबईत १२ ऑक्टोबर २०२० ला गेली तशी तासन्‌तास वीज गेली तर वीस मिनिटांचा बॅकअप पुरणार नाही.

आता खरा धोका. ज्या विजेचा अभ्यास, तीच घरात शिरते. गच्चीवरच्या अँटेनापासून सर्व्हरपर्यंत तांब्याची लॅन केबल टाकली, तर जवळच वीज पडल्यावर दोन टोकांच्या अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि स्विच, कार्ड, मदरबोर्ड असं सगळं ओळीने जळतं. फायबर टाका, पण स्टीलच्या कवचाची नको, कारण ते कवचच प्रवाह आत आणतं. अँटेनाची कोअॅक्स केबल इमारतीत शिरते तिथेच सर्ज अरेस्टर (जादा व्होल्टेज जमिनीत वळवणारं उपकरण) लावा आणि तो इमारतीच्याच अर्थिंगला बांधा. क्लाउड घेतलात तरी डिजिटायझर (अँटेनाचा सिग्नल आकड्यांत बदलणारं यंत्र) तुमच्याच गच्चीवर असणार, म्हणून हा खर्च दोन्हीकडे धराच.

घड्याळाची चूकही दोन्हीकडे सारखीच महाग. एका मिलिसेकंदात प्रकाश ३०० किमी जातो, त्यामुळे नेटवर्कवरून घेतलेली वेळ विजेची जागा ठरवायला निरुपयोगी. जीपीएसचा सेकंदाचा ठोका थेट डिजिटायझरला द्या. फाइलींच्या नावातली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवा. जीपीएसची वेळ २०१७ पासून यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. ती तशीच उतरवली की दोन केंद्रांच्या नोंदी जुळत नाहीत आणि दोष अँटेनाला दिला जातो.

आमचं मत असं : कच्चा डेटा सर्व्हरवर, ट्रिगरचे तुकडे आणि निष्कर्ष क्लाउडवर दुसरी प्रत म्हणून. ती ॲमेझॉनच्या डीप आर्काइव्हसारख्या, क्वचित लागणाऱ्या डेटाच्या थरात ठेवली तर भाडं कमी, पण परत मिळायला १२ तास लागू शकतात आणि किमान १८० दिवसांचं भाडं द्यावंच लागतं. दर तिमाहीला वादळाचा एखादा दिवस तिथून उतरवा आणि एसएचए-२५६ चा आकडा (फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा) मूळ फाइलशी ताडून पाहा.