प्लिकर्सची कार्डं: शेजाऱ्याला कळू न देता दिलेलं उत्तर

मी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण देते. समोर तीस-पस्तीस माणसं असतात. बहुतेकांना वरून आदेश आलेला असतो म्हणून ती आलेली असतात, आणि पहिल्या रांगेत त्यांचे साहेब बसलेले असतात. अशा खोलीत हात वर करायला सांगितलं की एक हात वर जातो, त्याच्याकडे बघून दहा जातात, मग उरलेले. एकदा मी विचारलं, हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला किती वेळा दाबायची? साहेबांनी ६० ते ८० या पर्यायाला हात वर केला आणि सगळी खोली त्यांच्यामागे गेली. बरोबर उत्तर १०० ते १२०. त्यांच्यातल्या किती जणांना ते ठाऊक होतं, हे मला कधीच कळणार नव्हतं. त्याचीच फार चुटपुट लागली.

तेव्हापासून प्लिकर्स वापरते आहे. हे कागदी कार्डांवरची उत्तरं फोनच्या कॅमेऱ्याने वाचणारं ॲप आहे. प्रत्येकाच्या हातात कागदाचं एक कार्ड द्यायचं. त्यावर काळ्या चौकटींची एक आकृती असते, क्यूआर कोडची आठवण करून देणारी, आणि प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी. चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. जे उत्तर द्यायचं ते अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. मी माझा फोन खोलीभर सावकाश फिरवते आणि कॅमेरा एकेक कार्ड टिपत जातो. तेच कार्ड पुन्हा दिसलं तरी मत दोनदा मोजलं जात नाही. इंटरनेट माझ्या फोनला आणि पडद्याच्या संगणकाला लागतं. ऐकणाऱ्यांना फोन लागतच नाही. माझ्यासाठी हे मोलाचं आहे, कारण एकदा खिशातून फोन बाहेर आला की त्यावरचे निरोप वाचून होईपर्यंत माणूस माझ्याकडे परत येत नाही.

पण खरी किंमत त्या बारीक अक्षरांची आहे. शेजारी बसलेल्याला तुमचं उत्तर वाचता येत नाही. साहेबांनाही नाही. ॲपच्या यादीत प्रत्येक कार्डापुढे नाव भरायची सोय आहे, मी तिथे मुद्दाम फक्त क्रमांक भरते.

तोच प्रश्न मी नंतर कार्डांवर विचारला. ३४ जण होते. ४० ते ६० म्हणणारे ९, ६० ते ८० म्हणणारे ११, १०० ते १२० म्हणणारे १२, आणि २ जण त्याच्याही पुढे. पडद्यावर आलेख दाखवला, बरोबर उत्तर मात्र सांगितलं नाही. म्हटलं, शेजाऱ्याचं उत्तर विचारा आणि तुमचं पटवून द्या. खोलीत असा गलका झाला की मला खुर्चीत बसून नुसतं ऐकत राहावंसं वाटलं. कोणी म्हणत होतं, घाई केली तर बरगडी मोडेल. कोणी सांगत होतं, अहो, मध्ये थांबलं की मेंदूकडे जाणारं रक्तच थांबतं. दुसऱ्यांदा कार्डं वर झाली तेव्हा २९ जण १०० ते १२० वर होते.

ही युक्ती माझी नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मेझर यांनी १९९१ पासून ती वर्गात रुजवली: आधी ज्याचं त्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग पुन्हा उत्तर. पहिल्या वेळी साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर चर्चेचा उपयोग होतो. त्याहून कमी असतील तर मुद्दा पुन्हा समजवावा लागतो, जास्त असतील तर पुढे सरकावं. कार्डांमुळे हा आकडा मला तिथल्या तिथे मिळतो आणि पुढची दहा मिनिटं कशात घालवायची ते ठरतं.

काही गोष्टी आधीच सांभाळा. कार्डं जाड कागदावर छापा. लॅमिनेशन करायचं असेल तर चकचकीत नको. माझा पहिला संच तसा होता आणि दिव्याखाली आकृतीवर उजेडाचा डाग पडायचा. बोटं काळ्या भागावर येता कामा नयेत, हे एका सोप्या सरावाच्या प्रश्नातून दाखवून द्या. शेवटच्या रांगेसाठी मी सरळ चालत मागे जाते. नेहमीचा संच ४० कार्डांचा आहे, मोठा ६३ चा. त्यापुढच्या सभागृहासाठी हे साधन नाही. शिवाय उत्तर चार पर्यायांत बसायला हवं. "तुम्ही त्या वेळी काय केलं होतं?" असा प्रश्न तोंडीच विचारावा लागतो, आणि मी तो कार्डं खाली ठेवल्यावर विचारते. एका तासात तीनच प्रश्न घेते. जास्त घेतले की परीक्षेचा वास यायला लागतो.

छोट्या गटासमोर बोलणाऱ्या कोणालाही मी हे मनापासून सुचवेन. गेल्या वेळी कार्डं गोळा करताना ११ क्रमांकाचं कार्ड हातात देत एक बाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, माझं दोन्ही वेळा चुकलं. एकदा करून बघू का?" सरावाचा पुतळा अजून पिशवीत भरायचा राहिला होता. आम्ही दोघी त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसलो आणि मोजायला लागलो.