सामायिक संग्रह कुठे मांडायचा? झोटेरो, झेनोडो, डेटाव्हर्स आणि डीस्पेस

चार-पाच डेटा आर्काइव्हची, म्हणजे संशोधनाचा डेटा जपून ठेवणाऱ्या संस्थांची, माणसं एकत्र बसली की तासाभरात एक वाक्य हमखास येतं: "हे सगळं एका जागी ठेवायला हवं." हे सगळं म्हणजे संमतिपत्रांचे नमुने, मुलाखतींतली नावं-गावं झाकण्याच्या मार्गदर्शिका, कोडबुकची (डेटातल्या रकान्यांचा आणि संकेतांचा अर्थ सांगणाऱ्या याद्यांची) उदाहरणं, विदा (डेटा) जमा करणाऱ्या संशोधकांशी करायच्या कराराचे मसुदे, प्रशिक्षणाच्या स्लाइड, धोरणं, मेटाडेटाची (डेटाचं वर्णन करणाऱ्या माहितीची) मानकं. मग कोणीतरी शेअर्ड ड्राइव्हवर फोल्डर उघडतं आणि पहिले सहा महिने बरे जातात.

फोल्डर बिघडतो तो जागेअभावी नाही. मुलाखतींच्या लेखी प्रतींमधून ओळख कशी पुसावी हे सांगणारी मार्गदर्शिका 'गोपनीयता'मध्ये जाणार, 'गुणात्मक विदा'मध्ये की 'प्रशिक्षण'मध्ये? एकाने ती पहिल्यात टाकली, दुसरीने तिसऱ्यात. वर्षभराने दोन प्रती, त्यातली एक जुनी, आणि कोणती जुनी ते सांगायला कोणी नाही. शॉर्टकट करता येतात हे खरं, पण करतं कोण? त्यामुळे फोल्डरला मी या तुलनेत धरतच नाही.

साधनांकडे वळण्याआधी आपल्या ढिगाचे दोन भाग करा. एका भागात दुसऱ्यांनी लिहिलेलं साहित्य: १९६७ पासून चालत आलेल्या यूके डेटा आर्काइव्हसारख्या संस्थेची मार्गदर्शिका, १९६२ मध्ये सुरू झालेल्या आयसीपीएसआर या अमेरिकेतल्या सामाजिक शास्त्रांच्या आर्काइव्हचं साहित्य, कोअरट्रस्टसील या डेटा आर्काइव्हच्या मानांकनाच्या अटींचा दस्तऐवज. हे आपण जतन करायचं नसतं. ते कुठे आहे आणि कशासाठी कामाचं आहे एवढं आपल्याला लिहून ठेवायचं असतं. दुसऱ्या भागात आपण स्वतः तयार केलेलं साहित्य. ते हरवलं तर दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. पहिल्या भागाला नोंदवही लागते, दुसऱ्याला कपाट. मी पाहिलेल्या बहुतेक संग्रहांत नोंदवहीचा भाग कितीतरी मोठा होता, तरी चर्चा मात्र सुरुवातीपासून कपाटाचीच.

झोटेरो: नोंदवही

झोटेरो २००६ मध्ये संशोधकांची संदर्भसूची सांभाळण्यासाठी निघालं, पण त्यातला गट-संग्रह या कामाला फार चपखल बसतो. युरोपातल्या सामाजिक शास्त्रांच्या डेटा आर्काइव्हचा समूह असलेल्या सेस्डाची रिसोर्स डिरेक्टरीही झोटेरोवरच आहे. ब्राउझरमधलं बटण दाबलं की शीर्षक, लेखक, वर्ष, डीओआय (दस्तऐवजाचा कायमचा ओळखक्रमांक) आपोआप भरले जातात. एकच नोंद कितीही उपसंग्रहांत दिसू शकते आणि तरी ती एकच राहते. फोल्डरचं वरचं दुखणं इथे मुळातच नाही.

याच गुणातून एकदा आमची फजिती झाली. एका सहकाऱ्याने रिकामा वाटणारा जुना उपसंग्रह काढायला घेतला. झोटेरोत दोन पर्याय असतात: फक्त उपसंग्रह काढा, किंवा उपसंग्रह आणि त्यातल्या नोंदी काढा. त्याने दुसरा निवडला. नोंद एकच असल्यामुळे ती इतर सगळ्या उपसंग्रहांतूनही नाहीशी झाली. कचरापेटीतून परत आणल्या सगळ्या, पण तोवर दुपार गेली. तेव्हापासून आमच्याकडे नवे सभासद नोंदी घालतात. रचनेला हात दोघेच लावतात.

निवड करण्याआधी गटाचा प्रकार ठरवा. झोटेरोत गट तीन तऱ्हेचे: खाजगी, सार्वजनिक पण सभासदत्व मर्यादित, आणि सार्वजनिक व सर्वांना खुला. शेवटच्या प्रकारात फायली ठेवताच येत नाहीत, फक्त नोंदी. इतर दोन प्रकारांत फायली चालतात, पण त्यांची जागा गटाच्या मालकाच्या खात्यातून जाते आणि फुकटची मर्यादा ३०० एमबी आहे. स्लाइडच्या दहा-वीस पीडीएफ चढवल्या की ती संपते. वेबडॅव्ह वापरून स्वतःचा सर्व्हर जोडण्याची सोय फक्त वैयक्तिक संग्रहाला आहे, गटाला नाही. हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. माझा सल्ला: मर्यादित सभासदत्वाचा सार्वजनिक गट करा आणि फायलींचा मोह टाळा. गटाचा मालक म्हणून एखाद्या माणसाचं वैयक्तिक खातं ठेवू नका, कामासाठी वेगळं खातं काढा. माणूस नोकरी बदलतो. मालकी हस्तांतरित करता येते, पण ती करायला तो माणूस सापडावा लागतो.

झोटेरो काय देत नाही? डीओआय देत नाही. नोंदीत काल काय होतं आणि आज काय आहे याचा नीट इतिहास दाखवत नाही. आणि ज्या दुव्याकडे ते बोट दाखवतं तो दुवा जिवंत राहील याची हमी त्याच्या हातात नाही. संस्था संकेतस्थळ बदलते तेव्हा साध्या वेबपत्त्यांच्या नोंदी पटापट गळतात. डीओआय असलेल्या टिकतात. नोंद घालताना डीओआय असेल तर तोच घ्या. नसेल तर इंटरनेट आर्काइव्हमध्ये पान जतन करून तो दुवाही जोडा.

झेनोडो: आपल्या कामाचं कपाट

सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून चालणारं झेनोडो हे संशोधनाच्या फायली ठेवायचं संकेतस्थळ २०१३ मध्ये सुरू झालं. आपण लिहिलेली मार्गदर्शिका, प्रशिक्षणाच्या स्लाइड, भरून दाखवलेला नमुना यांच्यासाठी ते फार सोयीचं: एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फायली, प्रत्येक नोंदीला डीओआय, स्वतःचा सर्व्हर नको. प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय मिळतो आणि सगळ्या आवृत्त्यांना मिळून आणखी एक, जो नेहमी ताज्या आवृत्तीकडे नेतो. झोटेरोच्या नोंदीत हा दुसरा डीओआय ठेवायचा. एवढ्या एका सवयीने जुन्या आवृत्तीच्या तक्रारी जवळपास थांबतात.

समूहाची 'कम्युनिटी' काढली की आलेली नोंद स्वीकारायची की नाही ते तिचे व्यवस्थापक ठरवतात. पण प्रकाशित केलं की फाइल बदलता येत नाही, नवी आवृत्तीच काढावी लागते. घाईत चढवणाऱ्याला हे बोचतं, आर्काइव्हच्या माणसाला बोचू नये. दुसऱ्याची पीडीएफ 'हरवू नये म्हणून' इथे चढवणं मात्र टाळा. परवानापत्र नसेल तर तो आपला हक्कच नाही.

डेटाव्हर्स: ताकद खूप, पण कशासाठी?

हार्वर्डमध्ये वाढलेलं डेटाव्हर्स हे विदासंच ठेवायचं सॉफ्टवेअर सामाजिक शास्त्रांच्या माणसांना जवळचं वाटतं, कारण ते आपली भाषा बोलतं. डीडीआय हे सर्वेक्षणांसारख्या विदेचं वर्णन करायचं मेटाडेटा-मानक त्यात मुरलेलं आहे. एसपीएसएस किंवा स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरची फाइल दिली की ती साध्या तक्त्यात उतरवून चलांची (व्हेरिएबलची) नावं आणि लेबलं वेगळी काढून ठेवतं. किरकोळ दुरुस्तीला १.१, मोठ्या बदलाला २.०. प्रकाशित संच पुसता येत नाही. मागे घेतला तरी त्याच्या जागी तसं सांगणारं पान उरतं. एकेका फायलीवर निर्बंध घालता येतो आणि कोणाला काय करता यावं हे बारकाईने ठरवता येतं.

मग नोंदवहीसाठी तेच का नको? कारण त्याच्या दृष्टीने प्रत्येक गोष्ट 'डेटासेट' असते. आठ पानांच्या मार्गदर्शिकेसाठी डेटासेट तयार करा, संपर्काचा ईमेल भरा, वर्णन भरा, विषय निवडा. हे दोनशे वेळा करायची तयारी आहे का? स्वतः बसवायचं तर पोस्टग्रेस, सोलर आणि जावाचा अनुप्रयोग-सर्व्हर सांभाळणारा माणूस हवा. अर्ध्या वेळचा नाही, नीट हवा. एखाद्या चालू डेटाव्हर्समध्ये आपल्या समूहाला कोपरा मिळत असेल तर गोष्ट वेगळी. सामायिक संग्रहात सरावाचे विदासंच ठेवायचे असतील, म्हणजे विद्यार्थ्यांना स्वच्छ करायला द्यायचं मुद्दाम बिघडवलेलं सर्वेक्षण वगैरे, तर डेटाव्हर्सला तोड नाही.

डीस्पेसबद्दल थोडक्यात. एमआयटी आणि एचपीने २००२ मध्ये आणलेली डिजिटल साहित्य जतन करण्याची ही प्रणाली विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पसरलेली आहे. समुदाय, संग्रह, नोंद अशी तिची उतरंड असते, आणि ओएआय-पीएमएच या ठरलेल्या पद्धतीने इतरांना नोंदी गोळा करता येतात. तुमच्या ग्रंथालयात ती आधीच चालू असेल आणि ग्रंथपाल सोबत असतील तर जरूर विचार करा. पाच वेगवेगळ्या संस्थांच्या समूहासाठी नव्याने बसवायची असेल तर मी नको म्हणेन. तांत्रिक भार एकावर येतो आणि बाकीचे चौघे पाहुणे होतात.

टॅगची भांडणं

साधन कोणतंही निवडा, पहिल्या तीन महिन्यांत गोंधळ घालतात ते टॅग. 'विदा व्यवस्थापन', 'डेटा व्यवस्थापन', 'डेटा मॅनेजमेंट' आणि 'डीएमपी' (डेटा मॅनेजमेंट प्लॅन) असे चार टॅग आमच्या गटात एकाच अर्थाने नांदत होते. झोटेरोत याला आणखी एक फाटा फुटतो: प्रकाशकाने दिलेले विषयशब्द ते आपोआप टॅग म्हणून ओढून आणतं. हे बंद करायची खूण सेटिंगमध्ये आहे, पण ती प्रत्येकाच्या संगणकावर वेगळी. गटापुरती एकदाच बंद करता येत नाही. एक सभासद विसरला की शेकडो टॅग आत येतात.

शब्दयादी कुठून आणायची? पहिल्यांदा एल्स्ट ही बहुभाषिक विषयसूची डोळ्यांसमोर येते, पण ती संशोधनाच्या विषयांसाठी आहे: स्थलांतर, रोजगार, कुटुंब. आपलं साहित्य आर्काइव्हच्या कामाबद्दलचं असतं. त्यासाठी आर्काइव्हचं काम कसं चालतं ते मांडणाऱ्या ओएआयएस या मानक नमुन्यातली सहा कामं जास्त उपयोगी पडली: विदा आत घेणं, जतन-साठवण, विदा-व्यवस्थापन, प्रशासन, जतनाचं नियोजन आणि वापरकर्त्यांपर्यंत पोचवणं. दुसरी बाजू कोअरट्रस्टसीलच्या १६ अटींची. प्रत्येक नोंदीला अटीचा क्रमांक लावला, आणि एका सदस्य संस्थेने मानांकनासाठी अर्ज भरायला घेतला तेव्हा त्यांना प्रत्येक अटीखाली तयार वाचन मिळालं. संग्रहाचा इतका उघड उपयोग मी एरवी पाहिलेला नाही. झोटेरोत नऊपर्यंत टॅगना रंग देता येतात आणि ते अख्ख्या गटाला दिसतात. सहा कामांना सहा रंग दिले, तीन शिल्लक ठेवले. त्यातला एक 'तपासायचं आहे' यासाठी.

तर मी आज पुन्हा सुरू केलं तर झोटेरोची नोंदवही आणि झेनोडोचं कपाट एवढ्यावरच सुरू करेन. सरावाचे विदासंच आले की त्यांच्यापुरतं डेटाव्हर्स. बाहेर पडण्याची वाटही पहिल्या महिन्यातच तपासा: झोटेरोतून सगळा गट आरडीएफ या फाइल-प्रकारात काढून दुसऱ्या कोऱ्या खात्यात उतरवून पाहिला की काय टिकतं आणि काय सांडतं ते दिसतं.

आणि पन्नास नोंदी झाल्या की गटाबाहेरच्या एखाद्या सहकाऱ्याला तीन गोष्टी शोधायला सांगा. आपण शेजारी बसायचं, बोलायचं नाही. आमच्याकडे जी बसली होती तिने पहिल्याच शोधात 'नावं लपवणे' असं लिहिलं. आमच्या यादीत होतं 'अनामीकरण'. शून्य निकाल. त्या नोंदींच्या सारांशात तिचे शब्द त्याच संध्याकाळी घातले.